दावीद बिल्डरचे शारजातले वकील

सरांना राजाकडे जाऊ द्यायचं नाही, यासाठी आमच्या स्टाफरूममध्ये काही मान्यताप्राप्त उपाय होते. पहिला, क्रिकेट काढायचं. दुसरा, फोन आल्यासारखं करून एकानं उठायचं आणि बाकीच्यांनी त्याला दारापर्यंत सोडायला जायचं. तिसरा उपाय जालीम, म्हणून जपून वापरायचा: देवगडचा आंबा रत्नागिरीपेक्षा गोड असतो, असं हळूच म्हणायचं. सर रत्नागिरीकडचे. ते लगेच आंब्यावर तुटून पडायचे, आम्ही हुश्श करायचो, आणि घंटा व्हायच्या आत ते आंब्यावरून कलमावर, कलमावरून परक्या मातीत नेऊन लावलेल्या झाडांवर आणि तिथून थेट बाराव्या शतकातल्या जॉर्जियात पोचलेले असायचे. तिथे त्यांचा राजा तयारच असायचा.

राजाचं नाव दावीद. जॉर्जियाचे लोक त्याला 'बांधणारा' म्हणतात, इंग्रजीत 'द बिल्डर'. आमचे हे तेव्हा शारजातल्या एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनियर. त्यांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "प्रोजेक्ट कुठे आहेत त्याचे?"

सर तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "एकच. अख्खा देश. बापानं अर्धवट सोडलेली साइट होती, यानं पुरी केली."

तेव्हापासून राजाचं नाव दावीद बिल्डर पडलं, आणि सर झाले त्याचे शारजातले वकील.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. गळ्यात शिट्टी, हातात लॅमिनेट केलेलं टाइमटेबल, कपाळावर गॉगल चढवून कॉरिडॉरमधून दणादण चालणारी जी बाई जुन्या फोटोत दिसते, ती मीच. नातवंडं ते फोटो बघून म्हणतात, "आज्जी, यू लुक सो स्ट्रिक्ट." स्ट्रिक्ट कसली, मूर्ख होते. पण मूर्खपणाला कडक इस्त्री केली की तो स्ट्रिक्टच दिसतो. मला तेव्हा वाटायचं की शारजातली वाहतूकसुद्धा माझ्या शिट्टीची वाट बघत खोळंबलेली असते.

सगळी शाळा मला मॅडम म्हणायची. सर एकटे बाई म्हणायचे, गावच्या शाळेत म्हणतात तसं. खाडीकाठच्या एका खेड्यातल्या कोकणी मुसलमान घरातला हा उंच, वाळका माणूस. उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट. बरोबर चाकांची पिशवी, बायका भाजीला नेतात ती. तिच्यात भाजी नसायची, पुस्तकं असायची. राजा लढाईला निघाला की खेचरांवर पुस्तकं लादून न्यायचा आणि तळ पडला की वाचत बसायचा, असं सर सांगायचे. "मला खेचर ठेवायची परवानगी नाही इथे," म्हणायचे, "म्हणून ही."

शाळेतल्या कुठल्याही भानगडीला राजाकडे उत्तर असायचं. स्कूलबसमध्ये पोरं शिव्या द्यायला लागली, तेव्हा सरांनी राजाच्या सैन्यातला नियम लागू केला: छावणीत घाणेरडी गाणी नाहीत, शिवी नाही. पोरांनी विचारलं, दिली तर? सर म्हणाले, तर सैन्यातून काढून टाकीन, चालत घरी जा. बाहेर जूनचं ऊन. शिव्या थांबल्या. पालकसभेत एक गृहस्थ तक्रार घेऊन आले की मुलगा ऐकत नाही, सायन्स नको म्हणतो. सरांनी वय विचारलं. सोळा. सर खुर्चीत ताठ झाले. "सोळाव्या वर्षी दावीदच्या बापानं त्याला गादी दिली. स्वतः जिवंत असताना. स्वतःच्या हातानं मुकुट घातला आणि बाजूला झाला. तुम्ही एक विषय देत नाही?" गृहस्थ मुलाला घेऊन मुकाट गेले. पुढे तो मुलगा कॉमर्सला गेला, आणि दरवर्षी सरांना फोन करायचा.

हा राजा त्यांना भेटला कुठे, तर शारजातल्या रोल्ला बाजारात. नव्वदच्या सुमाराला तिकडचा सोव्हिएत मुलूख फुटला आणि विमानं भरभरून लोक शारजात सामान घ्यायला यायला लागले. सर संध्याकाळी एका नातेवाइकाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मदतीला बसायचे. तिथे एक जॉर्जियन म्हातारा आला. इतिहासाचा प्राध्यापक, पण पगार बंद पडल्यामुळे व्हिडिओ प्लेयर नेऊन विकायला निघालेला. भाव करता करता तो दमला आणि एका खोक्यावर बसला. सरांनी चहा दिला. त्यानं चहाच्या बदल्यात राजा दिला. पूर्ण संध्याकाळ. जाताना नातवासाठी जवळ बाळगलेलं बाराखडीचं पुस्तकही सरांना देऊन गेला. त्या पुस्तकावरून सर जॉर्जियन भाषा शिकले. एकटे, रोल्लाच्या शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये, वर्षानुवर्षं. ती भाषा बोलायला समोर एक माणूस नाही. आम्ही हसायचो. मी सगळ्यात जास्त.

आता लोक त्यांना डिवचायचे ते वेगळ्याच मुद्द्यावरून. सर, तुमचा राजा ख्रिश्चन. त्यानं हरवलं ते तुमच्याच धर्माच्या सुलतानाला. तुम्ही कसले टाळ्या वाजवताय? सरांना हा प्रश्न फार आवडायचा. ते चष्मा काढायचे.

"हरवलं, ते सोडा. लढाईत कुणीतरी हरतोच. जिंकल्यावर काय केलं ते बघा."

आणि मग सांगायचे. तिबिलिसी शहर जिंकलं, तिथे मुसलमान वस्ती होती. राजानं हुकूम काढला की यांच्या मोहल्ल्यात कुणी डुक्कर कापायचं नाही. शुक्रवारी मशिदीत जाऊन बसायचा, खुत्बा म्हणजे नमाजाआधीचं प्रवचन ऐकायचा. "जिंकलेला माणूस, बाई. त्याला काय गरज होती? बसायचा." हे 'बसायचा' ते असं म्हणायचे की मागच्या बाकावर राजा खरोखरच येऊन बसलाय असं वाटावं.

एकदाच मला त्या राजाचं थोडं काही लागलं होतं, तेही वरवर. सैन्य कमी पडलं म्हणून राजानं उत्तरेकडच्या गवताळ मुलखातून किपचाक नावाचे घोडेस्वार आणवले. सर म्हणाले, "नुसते स्वार नाही आणले, बाई. हजारो कुटुंबं आणली. बायका, पोरं, म्हातारे, गुरं. राहायला जमीन दिली. बाराव्या शतकात फॅमिली व्हिसा. सॅलरी लिमिट नाही, काही नाही."

सरांची बायको गावी होती. सुरुवातीला पगार फॅमिली व्हिसाच्या मर्यादेत बसला नाही. बसला, तोपर्यंत आईवडील थकले, त्यांच्याजवळ कुणीतरी हवं होतं. मग मुलांच्या शाळा. मग मुलांची लग्नं. सर हे सगळं सिलॅबस सांगावा तसं सांगायचे, पुढचा धडा, त्याच्या पुढचा धडा. आम्ही आमच्या फ्लॅटमध्ये नवराबायको भांडत राहत होतो, आणि मी मनात म्हटलं होतं, किती शांतता असेल यांच्याकडे. सांगितलं ना, इस्त्री कडक होती.

तर सर निवृत्त व्हायचे दिवस आले. शाळेनं वाढवून वाढवून वाढवलेला व्हिसा डिसेंबरअखेर खलास. आणि त्याच सुमाराला मी, डिसेंबरच्या सुरुवातीला नॅशनल डेला जोडून आलेल्या सुट्टीत, आमच्या मराठी मंडळींची जॉर्जियाची सहल काढली. इथे राहणाऱ्यांना ठाऊक असतं: शारजाचा किंवा दुबईचा व्हिसा पासपोर्टवर असला की जॉर्जियात नुसतं उतरायचं आणि शिक्का मारून घ्यायचा. म्हणून निम्मी आखाती जनता लांब सुट्टी आली की तिकडेच धावते. पण इथला व्हिसा गेला की तुम्ही परत साधे भारतीय पासपोर्टवाले. मग गावाहून अर्ज करा, कागद जोडा, वाट बघा. खाडीकाठच्या खेड्यात बसून सर ते करणार नव्हते, आणि हे त्यांनाही माहीत होतं.

इतकी वर्षं का गेला नाहीत, असं मी विचारलं. म्हणाले, "रजा घरची असते, बाई. राजाची नाही."

नाव देताना त्यांनी एकच चौकशी केली, गेलातीला जाणार ना? मी तेव्हा दुसऱ्या फोनवर ट्रॅव्हल एजंटशी शाकाहारी जेवणावरून लढत होते. गेलाती हे गाव आहे, खाद्यपदार्थ आहे की हॉटेल, याचा भूगोलाच्या बाईला पत्ता नव्हता. मी म्हटलं, हो हो, सगळं आहे, इन्शाल्ला. आता आखातात कुणी काम टाळायचं असलं की इन्शाल्ला म्हणतो, हे शाळेतल्या शिपायालाही कळतं. सर श्रद्धाळू माणूस. त्यांनी शब्दाचा खरा अर्थ घेतला.

पहिल्या सकाळी तिबिलिसीच्या हॉटेलात नाष्ट्याला उतरलो तर डुकराच्या मांसाचे सॉसेज पोह्यांसारखे पसरून ठेवलेले, आणि शेजारीच उकडलेली अंडी, तोच चमचा. आमच्यातले शाकाहारी लोक भिंतीला टेकून उभे राहिले. सर पुढे झाले. काउंटरमागच्या मुलीशी जॉर्जियनमध्ये बोलले. ती आधी दचकली, मग हसली, मग तोंडावर हात ठेवून आत पळाली आणि दोन आचाऱ्यांना घेऊन आली. सगळे सॉसेज उचलून पार टोकाच्या टेबलावर गेले. मी विचारलं, काय सांगितलंत? म्हणाले, "काही नाही. राजाचा हुकूम वाचून दाखवला."

त्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी सर तिथल्या जुन्या मशिदीत नमाजाला गेले आणि परत आले. आमच्या ह्यांनी विचारलं, राजा भेटला का? सर म्हणाले, जागा धरून आलोय.

संध्याकाळी बसमध्ये मी उभी राहून माइकवरून कार्यक्रम जाहीर केला. उद्या वाइनचं गाव. परवा गुदौरीला बर्फ. तेरवा विमान. सरांनी विद्यार्थ्यासारखा हात वर केला.

"गेलाती कधी, बाई?"

मी लॅमिनेट उलटं सुलटं करून पाहिलं. मग ड्रायव्हरला विचारलं. दाढीवाला, डोंगराएवढा माणूस, सगळे त्याला काका म्हणायला लागले होते. त्यानं हातानं पश्चिमेकडे दाखवलं, खूप खूप पश्चिमेकडे. जाऊन येऊन सबंध दिवस. मी म्हटलं, इम्पॉसिबल. पण लोकशाही आहे, मत घेऊ. बर्फ की गेलाती?

शारजात जन्मलेल्या पोरांनी बर्फ पाहिला होता तो मॉलमध्ये, काचेपलीकडे. बर्फाला हात वर झाले ते दोन्ही दोन्ही झाले. सरांनी आपला हात खाली घेतला आणि उठून उभे राहिले. एवढंच म्हणाले की गेलातीला राजानं मठ बांधला, विद्यापीठ बांधलं, आणि मरताना सांगितलं की मला दरवाज्यात पुरा. येईल जाईल त्यानं माझ्या अंगावर पाय देऊन आत जावं. "इतकं सगळं केलं आणि शेवटी पायाखाली जागा मागून घेतली. तेवढ्या एका दारातून एकदा जाईन म्हणतो."

मग मागून एक बारीक आवाज आला, "बट वी आर डूइंग स्नो, नो?"

मी म्हटलं, "सर, नेक्स्ट टाइम नक्की."

"नेक्स्ट टाइम नाही, बाई. एकतीसला व्हिसा जातोय."

यावर मी माइकवरून काय म्हटलं असेल? म्हटलं, ग्रुपमध्ये थोडं ॲडजस्ट करावं लागतं. आणि शिट्टी वाजवली. आज कुणी माझ्यासमोर अशी वाजवली तर मी ती त्याच्याकडून हिसकावून घेईन.

दुसऱ्या दिवशी सर माझ्याकडे आले. माफी मागितली. म्हणाले, माझंच चुकलं, पोरांचा बर्फ महत्त्वाचा, मी हट्ट करायला नको होता. आता मला काहीतरी काम द्या. मी विरघळले. विरघळणार नाही तर काय, इतक्या वर्षांत स्टाफरूममधला एकही माणूस माझ्याकडे आपण होऊन काम मागायला आला नव्हता. मी त्यांना डोकी मोजायचं काम दिलं. ते त्यांनी चोख केलं. मग खाऊची पिशवी दिली. वाइनच्या गावात सगळे तळघरात उतरले, सर बाहेर बाकावर बसून पिशव्या सांभाळत राहिले, आणि वर येणाऱ्या प्रत्येकाशी दोन दोन मिनिटं बोलले. मला वाटलं, माझी शिस्त समजावून सांगतायत. परतताना मी त्यांना शिट्टी दिली. आणि उद्या सकाळी लवकर निघायचंय, ड्रायव्हरकाकाला नीट समजावून सांगा, तुम्हाला त्याची भाषा येते, असं म्हणून माझं सगळं राज्यच त्यांच्या हातात ठेवलं.

सकाळी मी बसमध्ये मानेची उशी लावली आणि झोपले. गुदौरी उत्तरेला आहे. बस उत्तरेला जात असती तर सकाळचं ऊन उजव्या खिडकीतून यायला हवं होतं. ते येत होतं मागच्या काचेतून, माझ्या टाळूवर. भूगोलाच्या बाईनं झोपेतच टोपी पुढे ओढली आणि म्हटलं, किती छान ऊब आहे.

जाग आली ती पोरांच्या आरड्यानं. बस एका घाटमाथ्यावर उभी. रस्त्याच्या कडेला, झाडांवर, कुंपणावर बर्फ. पोरं उड्या मारत उतरली. पुरुष मंडळी एकमेकांच्या मानेत बर्फ कोंबायला लागली. मी उतरले, दोन्ही हात पसरून म्हटलं, "वेलकम टू गुदौरी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या. मी फोटो काढले, खाली 'गुदौरी, जॉर्जिया' लिहून स्टेटसला टाकले, आणि लॅमिनेटवर मार्करनं टिक केली. तिथेच एका टपरीत मातीच्या भांड्यात घट्ट राजमा मिळाला, शाकाहारी मंडळींनी भाकरीसारखा पाव मोडून मोडून खाल्ला. सर फिरून फिरून सगळ्यांना वाढत होते.

मग बसमध्ये बसलो, आणि बस मागे वळायच्या ऐवजी घाट पलीकडे उतरायला लागली.

मी विचारलं, कुठे चाललोय? सगळे एकाएकी बाहेरचा निसर्ग बघायला लागले. आमचे हे तर एका पेट्रोल पंपाकडे मान वाकडी करून पाहत होते. कुताईसी अशी पाटी आली. तेव्हा मला स्टाफरूम आठवली. तिथल्या त्या फुटक्या सोफ्यावर बसून मी ही गोष्ट असंख्य वेळा ऐकली होती, म्हणजे कानावर पडू दिली होती. राजाची सगळ्यात मोठी लढाई. समोर सुलतानाचं अफाट सैन्य. राजानं आपले थोडे घोडेस्वार फितूर झाल्याचं सोंग करून त्यांच्या छावणीत पाठवले. शरण आलोय, तुमच्या बाजूला घ्या. त्यांनी आनंदानं घेतले. आत शिरल्यावर त्या स्वारांनी तलवारी उपसल्या.

आणि मी त्यांना शिट्टी दिली होती.

"बसमध्ये आणखी कुणाकुणाला माहीत होतं?" मी विचारलं.

आमचे हे निसर्गाकडे बघतच म्हणाले, "झोपलेली तू एकटीच होतीस."

काल त्या बाकावर बसून सरांनी एकेकाला फोडलं होतं. वाटेवरच बर्फ लागेल, पोरांचं काही जाणार नाही, फक्त मॅडमना सांगू नका. ड्रायव्हरकाकाला तर फोडावंही लागलं नाही. शारजाचा मास्तर त्याच्या राजाच्या दारात जायचं म्हणतोय, तेही त्याच्याच भाषेत, हे ऐकून त्यानं इंजिन बंद केलं होतं आणि सरांना उचलून मिठी मारली होती.

सर माझ्या सीटपाशी आले. शिट्टी परत दिली. "माफ करा, बाई. समोरासमोर तुम्हाला हरवणं शक्य नव्हतं." ही स्तुती होती की काय, यावर मी उरलेला रस्ता विचार करत बसले आणि त्यामुळे भांडायचं राहून गेलं.

गेलातीला पोचलो. टेकडी, झाडी, गार वारा, उंच घुमटांची देवळं. मंडळी रीतसर वाटेनं आत गेली, चित्रं बघायला लागली. मी आत एक चक्कर मारली, घड्याळ पाहिलं आणि सर कुठे दिसेनात म्हणून शोधायला निघाले. एका बाजूला जुना दरवाजा होता, दगडी, कमानीचा. त्याच्या बाहेरच्या बाजूला सर उभे. बूट काढून बाजूला ठेवलेले, नुसत्या मोज्यांवर, डिसेंबरच्या थंडीत. मी आतून तरातरा कमानीत शिरले.

"सर, झालं का दर्शन? परत चार तास आहेत हां."

"बाई, हलू नका."

"का? काय आहे?"

"तुम्ही राजावर उभ्या आहात."

मी खाली पाहिलं. माझ्या चिखलाच्या बुटांखाली एक लांबच लांब दगड, त्यावर कोरलेली अक्षरं. माझा जीव उडाला. पाय कुठे ठेवू कळेना, कारण दगड जवळजवळ सगळ्या दारभर होता.

"नका, नका," सर म्हणाले. "बरोबर आहे तेच. त्यानं हेच सांगितलं होतं. मी इथे उभा राहिल्यापासून कितीतरी लोक आले. सगळे त्याला वळसा घालतात, कडेकडेनं जातात. त्याचं म्हणणं ऐकलं ते तुम्हीच एकट्यांनी."

"मग या ना तुम्हीपण. त्याच्यासाठीच तर मला फसवून आणलंत."

सर जागचे हलले नाहीत. "पाय उचलत नाही, बाई."

मी पाहत राहिले. वर्षानुवर्षं पोरांना छाती फुगवून सांगणारा माणूस, की असा राजा होता जो म्हणाला मला तुडवा. आणि त्या एका दगडाच्या कडेला दोन्ही पाय जुळवून उभा, शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गाबाहेर उभं राहिलेल्या मुलासारखा. म्हणाले, आमच्याकडे कबरस्तानातून जाताना आई हात धरून चालवायची, चुकून कुणावर पाय पडू नये म्हणून. ते काही डोक्यातून जात नाही.

आयुष्यात मला सुचलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट तेव्हा सुचली. मी म्हटलं, "सर, आमच्याकडे नट रंगमंचावर चढताना काय करतो? आधी हात लावून कपाळाला लावतो, मग पाय ठेवतो. पाय तर ठेवावाच लागतो, नाहीतर नाटक कसं होणार?"

सरांनी थोडा विचार केला. मग वाकले, गुडघे वाजलेले मला ऐकू आले. तळवा दगडावर ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मग छातीला लावला. मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला आणि डोळे मिटून एक पाय ठेवला, मग दुसरा. आम्ही दोघं राजावर उभे. मी बुटांत, ते मोज्यांत.

डोळे उघडल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर फोन काढला आणि घरी लावला. पडद्यावर कपाळ, पदराची कड आणि छताचं कौल एवढंच दिसत होतं.

"पोचलो," सर म्हणाले.

"कुठं उभे हाव?"

मी मागून म्हटलं, "वहिनी, राजाच्या कबरीवर."

"अवो, उतरा आधी," वहिनी म्हणाल्या. "कुनाच्या कबरीवर पाय देताव? लाज नाय वाटत?"

"त्यानंच सांगितलंय, पाय द्या म्हणून."

"त्यानं सांगितलेलं बरं ऐकू येतं तुमाला. नऊशे वर्सांमागं मेलेला मानूस बोलला, ते ऐकून विमानात बसून गेलाव. मी तीस वर्सं सांगते घरी या, ते कवा ऐकलंत?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कमानीच्या छताकडे पाहिलं.

"येतोय," सर म्हणाले. "एकतीसच्या विमानानं."

"किती दिवस?"

"कायमचा."

कपाळ पडद्यावरून गेलं, नुसतं कौल राहिलं. मग कपाळ परत आलं.

"बरं. पन आधी त्या मानसावरनं उतरा."

सर उतरले. आतल्या बाजूला.